जुना फोटो बघून साल कसं कळतं?

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की फॅशन, सिनेमा, गाणी यांच्याबद्दल मनात असलेला पण कुणाला विचारायची लाज वाटलेला एखादा प्रश्न असेल तर पाठवा. पत्रांचा ढीगच आला, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतायत. म्हणून या वेळी तोच एक विषय घेतेय. काही पत्रं कापून छोटी केलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, जुने फोटो चाळताना कपड्यांवरून, केसांवरून फोटो साधारण कधीचा ते चटकन कळतं. मी म्हणते, त्या त्या काळात लोकांच्या मनात जे चाललेलं असतं ते अंगावर उतरतं. माझा भाऊ म्हणतो असलं काही नसतं, चार कंपन्या बसून ठरवतात आणि आपण मेंढरांसारखं घालतो. पैज लागलीय आमची. कोण जिंकलं?

उत्तर : पैजेचे पैसे अर्धे अर्धे वाटून घ्या. का ते सांगते, पण जरा लांबण लागेल.

आधी भावाची बाजू घेऊ. १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओर नावाच्या डिझायनरनं त्याचं पहिलं कलेक्शन दाखवलं. कंबर चिमटीत मावेल अशी आवळलेली, खांदे उतरते, आणि खाली पोटरीपर्यंत घोळदार स्कर्ट, एकेका ड्रेसला वीस वीस वार कापड. 'हार्पर्स बझार' मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लूक' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. आता यातली मेख बघा, दिओरला पैसा पुरवणारा माणूस होता मार्सेल बुसाक, म्हणजे कापड गिरण्यांचा मालक! ज्याचा धंदाच कापड खपवायचा त्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या दुकानातून वीस वारी स्कर्ट बाहेर पडला तर नवल ते काय. इथं भावाला एक गुण देऊन टाका.

पण आता जरा बाहेर रस्त्यावर या. दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं झालेली नाहीत. तिकडे ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग चालू, जे १ जून १९४१ ला सुरू झालं ते थेट मार्च १९४९ ला उठलं. पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला वर्षाला ६६ कुपनं, त्यातली ११ एका लोकरी ड्रेसला जायची आणि पायमोज्यांच्या जोडीला २. बटणं किती लावायची, चुण्या किती घालायच्या, खिसे किती, सगळ्याला सरकारी नियम, पुरुषांच्या पँटच्या खालची दुमड सुद्धा बंद केलेली कारण त्यात कापड फुकट जातं. नायलॉन पॅराशूटला लागायचं म्हणून मोजे मिळेनात, तर बायका उघड्या पोटरीवर मागच्या बाजूनं आयब्रो पेन्सिलनं सरळ रेघ ओढायच्या, मोज्याची शिवण दिसावी म्हणून. कल्पना करा, मान वळवून वळवून आपल्याच पायाच्या मागे सरळ रेघ! बहुतेक वेळा कुणाला तरी हाक मारावी लागत असणार.

एवढी वर्षं अशी काढल्यावर समोर वीस वारी स्कर्ट आला. काही जणी अक्षरशः भडकल्या. पॅरिसमध्येच एका बाजारात न्यू लूक घालून फोटो काढायला उभ्या केलेल्या मॉडेलवर तिथल्या बायका धावून गेल्या आणि तिचे कपडे ओढून फाडले. शिकागोत दिओर गेला तर बायका फलक घेऊन स्वागताला. ब्रिटनमध्ये मंत्री लोकांनी नाकं मुरडली. आणि तरी, दोन वर्षांच्या आत तोच घोळदार स्कर्ट सगळीकडे! ज्यांना परवडत नव्हता त्यांनी जुने पडदे उसवून, दोन फ्रॉक जोडून शिवला. आता हे गिरणीमालकाला जमणारं काम नाही हो. मन भरून कापड अंगावर घ्यायची सात-आठ वर्षांची साठलेली हौस होती ती, आणि राग सुद्धा त्याच हौशीचा, आम्हाला मिळत नाही आणि तुम्ही मिरवता याचा.

आता भावाला हे विचारा. १९७० साली अमेरिकेत नेमकं हेच परत करून बघितलं. मिनी स्कर्ट बस्स झाला, आता पोटरीपर्यंतचा मिडी, असं डिझायनर, मोठी दुकानं, धंद्यातली मासिकं सगळ्यांनी मिळून ठरवलं, खिडक्या भरल्या, जाहिराती लावल्या, सेल्सगर्लना मिडी घालायला लावला. आणि बायकांनी घेतलाच नाही! उलट 'हुकूम सोडणाऱ्या डिझायनरांविरुद्ध लढा' अशा अर्थाच्या नावांचे गट काढले, निषेध केले, आणि मिनी नको असेल तर सरळ पँट घातली. दुकानांत मिडीचे ढीग पडून राहिले.

दोन्ही वेळा स्कर्ट लांबच होत होता, दोन्ही वेळा धंदेवाल्यांना जास्त कापड खपवायचं होतं. एकदा लोकांनी उचलून धरलं, एकदा झुरळासारखं झटकलं. फरक कापडात नव्हता. १९४७ मधल्या बाईला तो स्कर्ट म्हणजे उपास सुटल्यासारखा वाटला आणि १९७० मधलीला तोच स्कर्ट म्हणजे कुणीतरी परत वरून हुकूम सोडतंय असं वाटलं, जेव्हा नेमकं हुकूम ऐकायचं तिनं बंद केलं होतं. हा गुण तुमचा.

आता राहिला प्रश्न की तो मूड कपड्यात शिरतो कुठून. याचं मला पटलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हर्बर्ट ब्लूमर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये लिहून ठेवलंय. तो पॅरिसच्या फॅशन शोमध्ये जाऊन बसला होता. शंभराहून जास्त डिझाइन्स दाखवली जायची, समोर शे-दोनशे खरेदीदार, देशोदेशीचे, एकमेकांचे स्पर्धक, कुणी कुणाला सांगत नाही मी काय घेतोय. आणि तरी शेवटी यादी बघितली तर बहुतेक जणांनी तीच सहा-आठ डिझाइन्स उचललेली! का निवडलंत विचारलं तर कुणाला धड सांगता येईना, छान आहे म्हणून, बस. ब्लूमरच्या लक्षात आलं की ही सगळी माणसं वर्षभर एकाच वातावरणात बुडालेली असतात, तीच मासिकं वाचतात, त्याच गप्पा ऐकतात, एकमेकांवर डोळा ठेवून असतात, आणि आपल्या गिऱ्हाइकाला उद्या काय आवडेल याच्या काळजीत झोपतात. त्यामुळे नजर आपोआप एकसारखी होते. म्हणजे कंपन्या शंभर पर्याय मांडतात हे खरं, पण चाळणी वेगळ्यांच्याच हातात असते, आणि तिची भोकं दर काही वर्षांनी बदलतात.

भावाला वाचून दाखवा. तरी तो ऐकणार नाही, भाऊ आहे.

प्रश्न : आर्थिक मंदी आली की स्कर्ट लांब होतात आणि तेजी आली की आखूड, हे खरं आहे का? आणि मंदीत लिपस्टिक जास्त खपते म्हणतात ते?

उत्तर : ऐकायला झकास आहे, पार्टीत सांगायला तर एक नंबर. पण खरं म्हणावं एवढं नाही.

स्कर्टचा सिद्धांत जॉर्ज टेलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाच्या नावावर खपतो, १९२० च्या दशकातला. त्याचा अभ्यास खरं म्हणजे पायमोज्यांच्या धंद्यावर होता, स्कर्ट आखूड झाले की मोजे दिसतात आणि मग बायका चांगले रेशमी मोजे घेतात असा तो सगळा मामला. आणि लोक हमखास पुरावा देतात तो १९२९ चा, ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि स्कर्ट खाली आले. पण पॅरिसमध्ये झाँ पातू या डिझायनरनं स्कर्ट त्याच वर्षी उन्हाळ्यात खाली आणले होते, बाजार कोसळायच्या आधी! त्याला काही स्वप्न पडलं नव्हतं. काही वर्षं गुडघे बघून लोक कंटाळले होते, एवढंच असावं. आणि युद्धात स्कर्ट आखूड झाले ते काही तेजी होती म्हणून नाही, वर सांगितलं तसं कापड नव्हतं म्हणून. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या दोघा अभ्यासकांनी १९२१ पासूनचे आकडे मांडून बघितले, तर थोडाफार संबंध निघाला, पण स्कर्ट अर्थव्यवस्थेच्या मागून साधारण तीन वर्षांनी चालतात असं दिसलं. म्हणजे स्कर्ट बघून शेअर घेणार असाल तर तीन वर्षं उशीर झालेला असेल.

लिपस्टिकचं म्हणाल तर ते २००१ च्या सुमाराला एस्टी लॉडर कंपनीच्या लेनर्ड लॉडर यांनी बोलून दाखवलं, आणि ते स्वतः लिपस्टिक विकायचे हे विसरू नका. मोठी खरेदी परवडत नाही तेव्हा माणूस छोटी चैन करतो हे समजतं, माझं पण होतं तसं. पण प्रत्येक मंदीत ती चैन लिपस्टिकच असेल असं नाही. कोविडमध्ये तोंडाला मास्क लागला तेव्हा ओठ रंगवून दाखवणार कुणाला?

मंदी कपड्यात बघायचीच असेल तर मी तुम्हाला पीठ आणि पशुखाद्य यांच्या पोत्यांकडे बघायला सांगेन. १९३० च्या दशकात अमेरिकेत खेड्यापाड्यातल्या बायका त्या सुती पोत्यांचे फ्रॉक, परकर, उशीचे अभ्रे शिवायच्या. कंपन्यांच्या हे लक्षात आल्यावर त्यांनी पोती फुलाफुलांच्या छापील कापडाची काढली, कंपनीचं नाव धुतलं की जाईल अशा शाईत छापायला लागले, म्हणजे पाठीवर पिठाचं नाव घेऊन फिरायला नको. मग बायका दुकानात पोतं निवडायच्या ते डिझाइन बघून, आणि एका फ्रॉकला पुरायला एकसारखी दोन-तीन पोती लागायची म्हणून ढिगातलं तळातलं ओढून काढायला लावायच्या. मला विचाराल तर गरिबीपेक्षा मला त्यात हट्ट जास्त दिसतो, मॅचिंगच पाहिजे!

प्रश्न : सिनेमा, कॉमिक्स यांच्यात पण काळाचा मूड दिसतो म्हणतात. पण मग एकाच काळात काही लोक रडके सिनेमे बघतात आणि काही नाचगाणी. मग नेमका मूड कुठला धरायचा?

उत्तर : तुमचा प्रश्न यावेळच्या सगळ्या पत्रांत भारी आहे. कारण 'काळाचा मूड' म्हणताना आपण गृहीत धरतो की सगळ्यांचा एकच असतो.

पॅसिफिक महासागरात बिकिनी नावाचं एक प्रवाळबेट आहे. १ जुलै १९४६ ला अमेरिकेनं तिथं अणुबॉम्बची चाचणी केली. चारच दिवसांनी, ५ जुलैला, पॅरिसमध्ये लुई रेआर नावाच्या माणसानं, जो मूळचा मोटारींचा इंजिनियर, एक दोन तुकड्यांचा पोहायचा पोशाख दाखवला आणि त्याला नाव दिलं बिकिनी, म्हणजे हा पण असाच स्फोट करणार या हिशोबानं. पोशाख एवढासा की घालायला नेहमीच्या मॉडेल्स तयार होईनात, शेवटी कसिनो द पारीमधली एक नर्तकी पुढे आली. कापडावर वर्तमानपत्राची छपाई केलेली, आणि बाईच्या हातात काड्यापेटीएवढा डबा, हे सगळं यात मावतं असं दाखवायला.

आठ वर्षांनी, १ मार्च १९५४ ला, त्याच बिकिनीवर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्ब फोडला. जपानची एक मासेमारी बोट तेव्हा त्या भागात होती, तेवीस खलाशी, त्यांच्यावर पांढरी राख पडत राहिली. सगळे आजारी पडले आणि सप्टेंबरात बोटीवरचा रेडिओ ऑपरेटर गेला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला जपानमध्ये 'गॉडझिला' लागला, बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्रातून जागा झालेला राक्षस, आणि सुरुवातीलाच काय दिसतं तर समुद्रात एक बोट आणि डोळे दिपवणारा उजेड. थिएटरमध्ये बसलेल्या माणसाला हे कशाबद्दल आहे ते वेगळं सांगायला नको होतं.

बेट एकच, बॉम्ब पण त्यांचेच. एका गावात त्याचा पोहायचा पोशाख झाला, दुसरीकडे राक्षस. पॅरिसवर राख पडत नव्हती! म्हणून कुणी 'त्या काळचा मूड असा होता' म्हटलं की मी आधी विचारते, कुणाचा हो? आणि तो माणूस तेव्हा कुठं बसला होता?

एका देशातही हेच होतं. कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक १९४० च्या डिसेंबरात स्टॉलवर आला, मुखपृष्ठावर हीरो हिटलरच्या थोबाडीत मारतोय. अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष होतं, निम्म्या देशाला त्या भानगडीत पडायचंच नव्हतं. ते काढणारे जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघं ज्यू, त्यांना धमक्या आल्या, संरक्षण द्यावं लागलं. आज आपण ते चित्र बघून म्हणतो, बघा त्या काळी लोकांना हिटलरबद्दल कसं वाटायचं. काहींना वाटायचं. उरलेल्यांनी धमक्यांची पत्रं लिहिली, ती काही पोस्टरवर छापली जात नाहीत.

आणि रडकं की नाचगाणं, तर दोन्ही धरायचं. मंदीच्या ऐन तडाख्यात हॉलीवूडनं शेकडो मुलींच्या नाचांचे झगमगीत सिनेमे काढले, ते बघणाऱ्यांच्या खिशात छदाम नव्हता. मूड म्हणजे फक्त जे आहे ते नाही, जे नाही त्याची भूक पण.

प्रश्न : मूड मूड काय लावलंय, निम्मं श्रेय तर विज्ञानाला जायला पाहिजे.

उत्तर : द्या की, माझी ना नाही. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा पोरगा सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत मलेरियाचं औषध, म्हणजे क्विनीन, बनवायला बसला आणि हाती आला काळा चिखल. भांडं धुताना तो जांभळा निघाला. त्याचा पहिला कृत्रिम रंग झाला, मोव्ह, आणि दोन-तीन वर्षांत फॅशनेबल बायका सगळ्या जांभळ्या. यात कसला मूड आणि कसलं काय. तसंच मिनी स्कर्टचं, सगळं श्रेय बंडखोरीला देतात, पण क्लिपांनी अडकवायचे सुटे मोजे जाऊन कमरेपर्यंतचे टाइट्स आले नसते तर एवढा आखूड स्कर्ट घालून बसणं उठणं मुश्कील होतं. मूडला सामान लागतं. पण सामान आलं म्हणून सगळे वापरतातच असंही नाही, नाहीतर कागदी ड्रेस अजून चालले असते. १९६६ मध्ये अमेरिकेत ते पण आले होते, एकदा घालून फेकायचे. थोड्याच वर्षांत गुंडाळले.

प्रश्न : मी तेवीस वर्षांची आहे. आता तर सगळं जुनंच परत येतंय, आईच्या कॉलेजातल्या पँट्स, जुन्या गाण्यांचे रीमिक्स, जुन्या सिनेमांचे पुढचे भाग. आमच्या काळाला स्वतःचा मूडच नाही का? खरंच वाईट वाटतं कधी कधी.

उत्तर : अगं वाईट नको वाटून घेऊ. एक तर हे आत्ताचं नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला पोशाखांचा जाणकार जेम्स लेव्हर यानं १९३७ मध्येच एक कोष्टक मांडलं होतं, की चालू फॅशन वर्षभरानं गबाळी दिसते, दहा वर्षांनी भयानक, वीस वर्षांनी हास्यास्पद, मग हळूहळू गोड वाटायला लागते आणि दीडशे वर्षांनी सुंदर. फक्त त्याचं वेळापत्रक आता पार कोलमडलंय. वीस वर्षांनी हसायचं ते तुम्ही वीस वर्षांनी घालताय, कारण एक तर कंपन्यांत निर्णय घेणारी माणसं तेव्हा शाळेत होती आणि आता त्यांच्या हातात बजेट आलंय, आणि दुसरं म्हणजे जुना फोटो शोधायला आता माळ्यावर चढावं लागत नाही, अंगठा सरकवला की झालं.

शिवाय मागं वळून बघण्याची ओढ हा पण मूडच आहे की. नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं रोगाचं नाव म्हणून बनवला, परमुलखात राहून घरच्या आठवणीनं खंगणाऱ्या स्विस लोकांसाठी. तुझ्या पिढीनं कोविडमध्ये ऐन शिकायच्या वयात घरात कोंडून घेतलंय, पुढचं काही ठरवावं तर उद्याचं कुणी सांगेना, अशा वेळी जी वर्षं आपण जगलोच नाही पण फोटोत सगळे हसताना दिसतात ती ओढून घ्यावीशी वाटली तर नवल नाही.

आणि एक आतली गोष्ट सांगू? कुठल्याच काळाला आपला मूड तेव्हा दिसत नसतो. १९६० च्या दशकात बहुतेक बायका मिनीमध्ये फिरत नव्हत्या, साधे गुडघ्यापर्यंतचे कपडे घालून बसस्टॉपवर उभ्या होत्या. त्यांचे फोटो कुणी छापले नाहीत. आपण नंतर जे उठून दिसलं तेवढं ठेवतो, बाकीचं टाकून देतो, आणि मग म्हणतो काय तो काळ होता! तुमचं पण होईल. कुणीतरी तुझे ढगळे कपडे आणि आरशातले सेल्फी बघून अगदी खात्रीनं सांगेल की हे २०२० नंतरचं, आणि तुला आठवेल की त्या दिवशी तू फक्त धुतलेलं जे होतं ते घातलं होतंस.

प्रश्न : मुलगा नवीकोरी फाटकी जीन्स घेऊन आला. यात कुठल्या काळाचा मूड शोधू?

उत्तर : किमान तीन सापडतील. २० मे १८७३ ला लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस नावाचा शिंपी यांना अमेरिकेत पेटंट मिळालं ते खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट, म्हणजे छोट्या खिळ्यांसारख्या टिकल्या, ठोकण्याचं, कशासाठी तर मजुरांच्या पँटी फाटू नयेत म्हणून. शंभर वर्षांनी ब्रिटनमध्ये पंक या बंडखोर गाण्यांच्या लाटेतल्या बेकार पोरांनी कपडे मुद्दाम फाडून सेफ्टी पिना लावल्या, आम्हाला असंच टाकून दिलंय तर असंच दिसू म्हणत. आणि आता कारखान्यात लेझर लावून मापात, दोन्ही गुडघ्यांवर, फाडून विकतात. त्याला म्हणावं खिसे बघ, रिव्हेट अजून आहेत का ते.